गाय गाभडली, हे डॉक्टरांना सांगितले का?

बिबट्याने शेळी नेली तर आपल्या जुन्नर-आंबेगावात ती बातमी तासाभरात वनखात्यापर्यंत जाते. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, फोटो काढले जातात, भरपाईचे कागद तयार होतात. पण त्याच वस्तीवर सातव्या महिन्यात गाय गाभडली तर काय होते? मेलेले वासरू उकिरड्यात जाते, नाहीतर ओढ्याच्या कडेला टाकले जाते. वार कुत्री ओढून नेतात. घरातली बाई नुसत्या हातांनी गोठा धुऊन काढते आणि शेजारच्यांना कळू दिले जात नाही, कारण उद्या गाय विकायची झाली तर भाव पडेल. पशुवैद्यकीय दवाखान्यात बातमी क्वचितच जाते. माझ्यासारख्या माणसांच्या डॉक्टरकडे तर ती जातच नाही.

जनावरांच्या रोगांवर मी का लिहितो आहे, असे काही वाचकांना वाटेल. आमचे शिक्षण माणसांचे, हे खरे. परंतु आपल्या दोन्ही तालुक्यांत गोठा आणि घर यांच्यात बहुतेक ठिकाणी एकच भिंत असते. संकरित गाई आल्या, दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी घरात येऊ लागले, दावणीला दोनाच्या जागी दहा जनावरे झाली. त्याबरोबर गोठ्यातले काही आजार दवाखान्याच्या बाकावर येऊन बसू लागले. ते ओळखायचे तर आम्हाला गोठ्यातली बातमी हवी असते.

एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी तिशीतला एक शेतकरी दोन महिन्यांच्या तापाने बेजार होऊन आला. संध्याकाळी थंडी वाजून ताप चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचे, सकाळी अंग हलके. कंबर आणि डाव्या बाजूचा खुबा इतका दुखायचा की बैठक मारता येईना. दुसरीकडे त्याच्यावर टायफॉइडचे उपचार दोनदा झाले होते. दोन्ही वेळा थोडे बरे वाटले आणि ताप पुन्हा आला. मी त्याला घरी जनावरे किती, असे विचारले. तो म्हणाला, नऊ. मग मागे उभी असलेली त्याची बायको हळूच म्हणाली, "डॉक्टर, दिवाळीच्या आधी आमची एक गाय गाभडली व्हती. वार अडकली व्हती, ती ह्यांनीच हात घालून काढली. त्याचं काय असंल का?"

त्याचेच होते. रक्ताच्या तपासणीत ब्रुसेलोसिस निघाला. पशुवैद्यकांनी गोठ्यातल्या गाईंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतही रोग सापडला. ती बाई बोलली नसती तर त्या शेतकऱ्याच्या कमरेचे फोटो काढत आणखी दोन महिने गेले असते.

ब्रुसेलोसिस म्हणजे काय?

पशुवैद्यक याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. रोगजंतूचे नाव ब्रुसेला. गाई-म्हशींत हा जंतू मुख्यतः गर्भाशयात आणि कासेत घर करतो. गाय पाच-सहा महिन्यांपर्यंत व्यवस्थित गाभण असते आणि मग, बहुधा पाचव्या ते आठव्या महिन्याच्या दरम्यान, गाभडते. वार बऱ्याचदा अडकते. गाभडताना बाहेर पडणारे पाणी, वार आणि मेलेले वासरू यांत कोट्यवधी जंतू असतात.

या रोगाची खरी लबाडी पुढे आहे. एकदा गाभडलेली गाय पुढच्या खेपेला बहुधा वेळेवर विते. मालक म्हणतो, सुधारली. दिसायला ती धडधाकट असते, चारा खाते, दूध देते. पण जंतू तिच्या अंगातून गेलेला नसतो. दर वितीला आणि दुधावाटे तो बाहेर पडत राहतो. अशी गाय बाजारात जाते आणि दुसऱ्याच्या दावणीला रोग बांधून येते. घेणाऱ्याला दात दाखवले जातात, कास दाखवली जाते. मागचे गाभडणे कोणी सांगत नाही.

गाभडलेली प्रत्येक गाय ब्रुसेलाची असते असे मात्र समजू नये. मार लागणे, बुरशी आलेला चारा, लाळ्या-खुरकुताचा कडक ताप, लेप्टोस्पायरोसिस अशी इतर कारणेही असतात. म्हणून तर तपासणी हवी. अंदाजाने ना गाईला दोष द्यावा, ना तिला निर्दोष सोडावे.

या जंतूचा शोधही गमतीदार रीतीने लागला. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने उतरता-चढता ताप येत असे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू वेगळा काढला, पण तो शरीरात येतो कोठून हे कळेना. हवा, पाणी, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी १९०५ साली थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने बेटावरच्या शेळ्यांचे रक्त तपासले आणि उत्तर सापडले. त्या काळी तिथे गवळी शेळ्या दारोदार फिरवून गिऱ्हाइकासमोर धार काढून देत. शेळ्या अगदी निरोगी दिसत होत्या, म्हणून अठरा वर्षे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. सैनिकांना ते कच्चे दूध बंद केल्यावर ताप झपाट्याने उतरणीला लागला.

आपल्याकडे दूध उकळून पिण्याची पद्धत आहे आणि तिने आपल्याला पुष्कळ वाचवले आहे. दुधाला एक चांगली उकळी आली की ब्रुसेला मरतो. लोणीही आपण तापवलेल्या दुधाच्या सायीचे किंवा दह्याचे काढतो. भीती आहे ती धारोष्ण दुधाची. तालमीतल्या पोरांना आणि अशक्त मुलांना कासेखालचे दूध तसेच पाजण्याची हौस अजून आहे. त्यात ताकद असते म्हणतात. तापवलेल्या दुधापेक्षा जास्त असे त्यात एकच असते, ते म्हणजे जिवंत जंतू.

आपल्या भागात दुधापेक्षाही हातावाटे होणारा संसर्ग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विताना किंवा गाभडताना मदत करणारा, वार काढणारा, गोठा झाडणारी, यांच्या हातावरच्या चिरा आणि खरचटलेल्या जागा या जंतूला पुरेशा असतात. डोळ्यात उडालेला थेंबही पुरतो. जोराच्या पाण्याने गोठा धुताना उडणारे बारीक तुषार श्वासावाटे आत जातात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग सहसा होत नाही, म्हणून घरातल्या रुग्णाला वेगळे ताट-वाटी देण्याचे कारण नाही.

संसर्गानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, लक्षणे दिसतात. येतो-जातो असा ताप, रात्रीचा घाम, सांधे व कंबर दुखणे, काम नकोसे वाटणे. पुरुषांत कधी वृषण सुजतो. गरोदर स्त्रीला झाल्यास गर्भपात होऊ शकतो. यातले एकही लक्षण असे नाही की ज्यावर बोट ठेवून सांगावे, हाच तो रोग. टायफॉइड, क्षय, संधिवात, सगळ्यांशी त्याचे साम्य. त्यात आपल्याकडे ताप आठ दिवस राहिला की विडाल तपासणी करायची आणि ती जरा 'पॉझिटिव्ह' आली की टायफॉइड म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय फार बोकाळली आहे. एकाच वेळी केलेल्या विडालवरून टायफॉइड सिद्ध होत नाही, हे आम्हा डॉक्टरांना कॉलेजात शिकवलेले असते.

ब्रुसेलासाठी वेगळी रक्ततपासणी आहे. ती मागवावी लागते आणि मागवण्याचे सुचावे लागते. उपचार आहेत आणि ते परवडण्यासारखे आहेत. डॉक्सिसायक्लिनबरोबर रिफाम्पिसिन किंवा इंजेक्शनाचे एखादे औषध, असे दोन औषधांचे मिळून किमान सहा आठवडे. आठवड्याभरात ताप उतरतो आणि रुग्ण गोळ्या सोडून देतो, इथेच घोटाळा होतो. अर्धवट सोडलेला ब्रुसेला परत येतो आणि तेव्हा तो मणक्यात किंवा क्वचित हृदयाच्या झडपेत जाऊन बसलेला असू शकतो. गोठ्यासाठी आणलेल्या बाटलीतले औषध स्वतः टोचून घेणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, तसे करू नका.

बातमी जाते कोठे?

शेतकरी विचारतात, "कळवून काय उपयोग? साहेब येणार, कागद भरणार." म्हणून कागद पुढे कोठे जातो ते थोडे सांगतो. गावातून बातमी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाते. पशुवैद्यक जनावर पाहतात, रक्त, वारेचा तुकडा किंवा मेलेल्या वासराच्या पोटातले पाणी घेऊन बर्फात ठेवतात आणि पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेत पाठवतात. बर्ड फ्लूसारखा संशय असेल तर नमुना भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातो. निदान पक्के झाले की जिल्हाधिकारी बाधित क्षेत्र जाहीर करतात आणि बाजार, वाहतूक, लसीकरण यांचे निर्णय त्यावर होतात. ही सारी साखळी पहिल्या फोनवर अवलंबून असते. नमुना कुजला, जनावर पुरून टाकले, किंवा आठ दिवसांनी कळवले, तर औंधची प्रयोगशाळाही काही करू शकत नाही.

२००९ साली केंद्राने प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा कायदा केला. यादीतल्या रोगाचा संशय आला तर मालकाने ग्रामपंचायतीला कळवावे, तिने पशुवैद्यकांना कळवावे आणि आजारी जनावर इतरांपासून वेगळे बांधावे, असे त्यात स्पष्ट आहे. रोगाने मेलेले जनावर नदी-कालव्यात टाकणे हाही गुन्हा आहे. मीना, घोड आणि कुकडीच्या कालव्याकाठच्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. आपण टाकलेले जनावर खालच्या गावाच्या पाण्यावर जाऊन थांबते.

दुधाच्या बाबतीत एक सोपी युक्ती पशुवैद्यकांकडे आहे. दुधाच्या नमुन्यात रंगवलेल्या मृत ब्रुसेला जंतूंचा एक थेंब घालतात आणि नळी तासभर उबेत ठेवतात. दुधात या रोगाविरुद्धची प्रतिद्रव्ये असतील तर वर आलेल्या सायीला निळसर कडे धरते. नसतील तर साय पांढरी राहते आणि खालचे दूध रंगते. एकेक गाय न धरता गोठ्याच्या एकत्र दुधावर ही तपासणी होते. निळे कडे दिसले तर मग त्या गोठ्यातल्या गाईंचे रक्त घ्यायचे. मोठ्या टाकीत शेकडो गाईंचे दूध मिसळले की ती तितकी भरवशाची राहत नाही, पण गोठ्यागोठ्याच्या कॅनवर ती चांगली चालते. आपल्याकडे गावोगाव दूध संकलन केंद्रे आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ फॅट मोजण्यासाठी प्रत्येकाचे दूध तिथे तपासले जातेच. वर्षातून दोन वेळा त्याच दुधावर ही तपासणी पशुवैद्यकांच्या मदतीने झाली तर रोग कोणत्या वाडीत आहे ते गाई गाभडण्याची वाट न पाहता कळेल. दूध संघांच्या आणि खाजगी डेअऱ्यांच्या संचालकांनी हे मनावर घ्यावे असे मला फार वाटते.

कालवडींना लस आहे. चार ते आठ महिने वयाच्या मादी वासराला आयुष्यात एकदाच ती टोचतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर तिचाही समावेश आहे. ही जिवंत जंतूंची लस आहे, म्हणून गाभण गाईला ती देत नाहीत आणि ती हौशी माणसाच्या हातात देऊ नये. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

लम्पीने काय शिकवले

जनावरांच्या रोगाचा बोभाटा झाला की काय होते ते आपण २०२२ साली पाहिले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावल येथे लम्पी त्वचा रोगाची नोंद झाली आणि महिन्याभरात तो पुणे जिल्ह्यात आला. सप्टेंबरात सरकारने राज्यभर नियंत्रित क्षेत्र जाहीर केले. जनावरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने बंद. बेल्ह्याचा सोमवारचा बाजार आणि चाकणचा शनिवारचा, दोन्हीकडे दावणी ओस पडल्या. बैलगाड्यांचे घाट आदल्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाले होते, तेही थांबले. बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात लसीकरण करायचे, असे सुरुवातीचे धोरण होते. पुढे राज्यातल्या जवळजवळ सर्वच, म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख, गोवंशाला लस देण्याचे काम हाती घेण्यात आले. लस शेळ्यांच्या देवीची वापरली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले.

त्या महिन्यांत माझ्या दवाखान्यात रोज एक प्रश्न ठरलेला असे, दूध प्यावे की नाही? मुलांचे दूध तोडलेली घरे मी पाहिली. लम्पी माणसाला होत नाही आणि दूध उकळून पिण्यास हरकत नव्हती, हे सांगून तोंड दुखले. गंमत अशी की जो रोग माणसाला होत नाही त्याला सगळे घाबरले, आणि जो होतो त्या ब्रुसेलाचे नावही बहुतेकांना ठाऊक नव्हते.

पण त्या साथीत एक गोष्ट चांगली झाली, लोकांनी कळवले. मेलेल्या दुधाळ गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर झाली होती. पंचनाम्याशिवाय ती मिळणार नव्हती, म्हणून पंचनामे झाले आणि खात्याला रोग कोठे किती पसरला आहे ते कळले. यात शेतकऱ्याला लोभी म्हणण्यासारखे काही नाही. बिबट्याच्या बाबतीत तेच आहे. गाभडलेली गाय कळवणाऱ्याला मात्र समोर तोटाच दिसतो. गाय बदनाम होते, दूध अडते, शेजारी तोंड फिरवतो. जोवर हे गणित बदलत नाही तोवर कायद्याचे कलम कितीही वाचून दाखवले तरी फोन येणार नाहीत. दूध घेणाऱ्यांनी आणि सरकारने मिळून अशा गाईच्या मालकाचा काही भार उचलावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

लपवण्याचे परिणाम नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने भोगले. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे निघाला. निदान १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले, पण त्याआधी कित्येक दिवस शेडमध्ये कोंबड्या मरत होत्या आणि राणीखेत असावा या समजात वेळ गेला. मग लाखो पक्षी मारून पुरावे लागले आणि साऱ्या राज्यात कोंबडीचा भाव कोसळला. कामगारांचे व गावकऱ्यांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले. सुदैवाने माणसांत रोग निघाला नाही. पुढे २०२१ साली मात्र हरियाणातला एक लहान मुलगा याच विषाणूने दगावला, तो देशातला पहिला मृत्यू. आपल्याकडे दोन्ही तालुक्यांत ब्रॉयलरच्या शेड आहेत आणि प्रत्येक शेडवर रोजची 'मर' वहीत लिहिली जाते. ती वही खरोखर वाचली तर तिच्याइतके चांगले साधन नाही. मर एकाएकी वाढली, पाणी-खाद्य कमी झाले, की पक्षी विकून मोकळे होण्याआधी पशुवैद्यकांना फोन करावा. आणि शेडवरच्या कामगाराला त्याच आठवड्यात ताप-खोकला आला तर त्याने डॉक्टरला शेडमधली मर सांगावी.

अचानक मेलेले जनावर

संध्याकाळी चांगले असलेले जनावर सकाळी मेलेले दिसले की आपल्याकडे 'पान लागलं असंल' म्हणून विषय संपतो. काही वेळा खरेच साप चावलेला असतो. पण फाशी, म्हणजेच अँथ्रॅक्स, असाच येतो. पोट झपाट्याने फुगते, नाकातून किंवा शेणाच्या जागेतून काळपट रक्त येते आणि ते गोठत नाही. असे जनावर फाडू नये, त्याचे कातडे काढू नये, मटण वाटून घेणे तर दूरच. जनावर फाडले की आतला जंतू हवा लागून बीजाणू बनवतो आणि ते बीजाणू जमिनीत कित्येक दशके तग धरतात. पशुवैद्यक कानातून रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन निदान करू शकतात. नंतर सहा फूट खोल खड्डा, चुना आणि वर दगड. कातडे सोलणाऱ्या माणसाच्या हातावर चार-आठ दिवसांत न दुखणारा फोड येतो, मध्ये काळी खपली धरते, भोवती सूज येते. मराठीत या रोगाला काळपुळी म्हणतात ते यामुळेच. फोड दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. वेळेवर आल्यास साध्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो.

दुसरी गोष्ट पिसाळलेल्या जनावराची. गाय-बैल पिसाळले की बहुधा अंगावर धावून येण्याआधी खाणे-पिणे सोडतात, आवाज घोगरा होतो, तोंडातून लाळ गळते. मालकाला वाटते घशात काहीतरी अडकले. मग तो कोपरापर्यंत हात घालून घसा चाचपतो. रेबीजचा विषाणू त्या लाळेतच असतो. जनावराला मागच्या काही महिन्यांत कुत्रे चावले होते का, हे आठवावे आणि घशात हात घालू नये. घातलाच असेल तर साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. ती तिथे मोफत मिळते. जनावर मरेपर्यंत वाट पाहू नये, कारण माणसात रेबीजची लक्षणे दिसल्यावर आमच्या हातात काही उरत नाही.

वाचकांपैकी जुन्या माणसांना बुळकांडी हा शब्द आठवत असेल. गावेच्या गावे या रोगाने बैलांविना होत. तिच्यावर संशोधन व्हावे म्हणूनच १८८९ साली आपल्या पुण्यात देशातली पहिली पशुरोग प्रयोगशाळा निघाली. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. लस टोचून टोचून रोग आटोक्यात आला, पण शेवटचे जंतू शोधायला लसीचा उपयोग नव्हता. त्यासाठी गावोगाव फिरून, लाळ गळणारे, हगवण लागलेले जनावर आहे का, एवढेच विचारत कर्मचारी हिंडले. १९९५ नंतर देशात बुळकांडी आढळली नाही आणि २०११ साली ती जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर नाहीसा केलेला हा दुसराच रोग आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे? गाय गाभडली तर वार आणि वासरू यांवर पाटी किंवा घमेले पालथे घालून कुत्र्यांपासून जपावे व आधी दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे. कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक, कितवा महिना होता, गाय केव्हा आणि कोणत्या बाजारातून आणली, गोठ्यात याआधी असे झाले होते का, हे हाताशी ठेवावे. नमुना घेऊन झाला की मगच विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. रबरी हातमोजे मेडिकलमध्ये मिळतात. नसतील तर धड असलेली प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. गाय स्राव थांबेपर्यंत वेगळी बांधावी, धार सर्वांत शेवटी काढावी. घरात गरोदर सून-लेक असेल तर तिला त्या गोठ्यात पाठवू नये, हे सासूबाईंनी लक्षात ठेवावे.

आणि घरात कोणाला आठ दिवसांहून अधिक ताप असेल तर डॉक्टरने विचारण्याची वाट न पाहता सांगावे, घरी अमुक जनावरे आहेत, दोन-तीन महिन्यांत अमुक घडले. आमच्या व्यवसायबंधूंनाही विनंती, केसपेपरवर वय आणि वजन लिहितो तसे 'जनावरे' एवढा एक शब्द लिहून पुढे जागा सोडा. गावातल्या पशुवैद्यकांचा फोन नंबर आपल्या टेबलावर असावा. माणसांच्या साथींची माहिती आपण सरकारला कळवतो, तेही जनावरांची कळवतात, पण दोघांचे कागद वेगवेगळ्या रस्त्यांनी पुण्याला जातात आणि गावात आपली भेट लग्नकार्यातच होते.

एक प्रश्न नेहमी येतो, गाभडलेल्या गाईचे दूध डेअरीला घालावे का? तपासणीचे उत्तर येईपर्यंत ते वेगळे ठेवावे आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वागावे. घरी वापरायचे तर चांगले उकळून. वासरालाही तेच तापवून कोमट केलेले द्यावे. आणि खरवस? वाफेवर नीट शिजवलेल्या खरवसाची भीती नाही. भीती आहे ती चीक काढता काढता बोट बुडवून चाखण्याची.